मातृभाषेचा रकाना

दिवाळी उरकली की मानोरा तालुक्यातले तांडे ऊसतोडीसाठी रिकामे व्हायला लागतात. मंगरूळपीरहून मानोऱ्याला जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसलो होतो आणि समोरून ट्रक येत होते. ताडपत्री, भांड्यांची पोती, कोयते, डालग्यातल्या कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली पोरं. "आता थेट होळीलेच वापस येतात हे," कंडक्टर म्हणाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, मधेच फुलोऱ्यावर आलेली तूर.

मी कोल्हापूरकडचा. यातले काही ट्रक आमच्याही बाजूला येतात. कारखान्याजवळ, नाहीतर ओढ्याच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, अंधारातच माणसं फडावर जातात, आणि संध्याकाळी त्या कोप्यांतून जी बोली ऐकू येते ती ना मराठी, ना कानडी. 'लमाणी बोलतात' एवढं म्हणून आम्ही मोकळे होत असू. ती बोली जिथून निघते त्या मुलखात एकदा जाऊन यावं, असं बरेच दिवस मनात होतं.

त्याआधी वाशीममध्ये मुक्काम थोडकाच झाला होता. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातला ताम्रपट याच गावाच्या नावानं ओळखला जातो. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दान दिलेल्या गावाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. घराण्याचा मोठेपणा देवभाषेत सांगावा, पण ज्या मजकुराशी गावकऱ्याचा आणि वसुलीवाल्याचा संबंध येतो तो लोकांना कळेल असा असावा, इतका साधा विचार त्यामागे असणार. मला तो ताम्रपट फार समंजस वाटतो. पुढं पोहरादेवीत आणि तांड्यावर हिंडताना तो सारखा आठवत राहिला.

मानोऱ्याहून काळीपिवळीनं पोहरादेवी. यवतमाळ जिल्ह्याची हद्द इथून जवळच, दिग्रस-पुसदच्या बाजूला. बंजारा समाजाची ही काशी. जगदंबेचं मंदिर, सेवालाल महाराजांची समाधी, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये निवर्तलेल्या धर्मगुरू रामराव महाराजांचंही हेच गाव. रामनवमीला इथं माणसांचा समुद्र लोटतो. मी गेलो तेव्हा गर्दी नव्हती, त्यामुळे एक गोष्ट निवांत पाहता आली. कर्नाटकची पाटी असलेली एक गाडी येऊन थांबली. उतरलेलं कुटुंब आपसात अधूनमधून कन्नड बोलत होतं. नारळवाल्याशी मात्र बोलणं सुरू झालं ते सरळ गोरबोलीत, म्हणजे आम्ही जिला लमाणी म्हणतो त्या बंजारा बोलीत. तो मानोऱ्याचा, ते विजापूरकडचे. त्यांच्या बोलण्यात कन्नड शब्द डोकावत होते, याच्या बोलण्यात वऱ्हाडी. पण भाव, सुट्टे पैसे, वाटेत कुठं जेवलात, पोरीचं लग्न कुठं ठरलं, असं सगळं बिनदिक्कत चाललं होतं. मी तिथं मराठी बोलणारा एकटा उभा, आणि माझ्याच राज्यात मला काही कळत नव्हतं.

एकाच बोलीची ही माणसं तीन लिप्यांत लिहितात. महाराष्ट्रात देवनागरीत, कर्नाटकात कन्नडमध्ये, तेलंगणात तेलुगूत. म्हणजे सोलापूरच्या पोरानं लिहून काढलेलं लेंगीचं, म्हणजे होळीचं गाणं महबूबनगरच्या पोराला गाता येईल, वाचता येणार नाही. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरलेल्या समाजाची ही लदेणीची वारसाखूण आहे. रेल्वे आली, बैलांचा धंदा बुडाला, पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला गेला. माणसं 'विमुक्त' झाली, पण वेगवेगळ्या राज्यांच्या वेगवेगळ्या याद्यांत. तेलंगणात अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, महाराष्ट्रात विमुक्त जाती. नारळाच्या दुकानाशी गप्पा मारणारे ते दोघं एकमेकांचे सोयरे होऊ शकतात, पण सरकारदरबारी ते निराळे.

मंदिरापासून जवळच नगाऱ्याच्या आकाराचं चार मजली संग्रहालय उभं आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या दोनच दिवस आधी, ३ ऑक्टोबरला, केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. त्या आठवड्यात आपण सगळ्यांनी पेढे वाटले, मीही वाटले. संग्रहालय चांगलं आहे, भव्य आहे. आरशांची कांचळी, फेटिया, समाजातल्या थोरांची चित्रं, सगळं जपून ठेवल्याचा आनंदच वाटतो. फक्त बाहेर येताना वाटलं की काचेमागं ठेवायला पोशाख सोपा असतो. बोली काचेमागं ठेवता येत नाही. तिला शाळा लागते.

शाळा बघायला मिळाली ती पुढच्या एका तांड्यावर. तांड्याचं नाव देत नाही. अशा शाळा या पट्ट्यात पुष्कळ आहेत. दोन खोल्या, दोन गुरुजी, पहिली ते चौथी. पहिलीचे गुरुजी अकोल्याकडचे, त्यांना गोरबोली येत नाही. पहिलीतल्या पोरांना मराठी येत नाही. मग हे चालतं कसं? चौथीतली एक मुलगी सकाळचा पहिला तास पहिलीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते. गुरुजी म्हणतात, "पाटीवर आजची तारीख लिहा." पोरं तिच्याकडं बघतात. ती गोरबोलीत सांगते, पाट्या खाली होतात, खडू चालू लागतात. एका पोरानं तिला काहीतरी विचारलं. तिनं गुरुजींना सांगितलं, "सर, याले बाहेर जायचं आहे." एवढ्याशा गोष्टीलासुद्धा दुभाषी. पोरगी हुशार होती, तोऱ्यातही होती. पण त्या तासाला तिच्या वर्गात काय शिकवलं जात होतं ते तिला कोण सांगणार, हा प्रश्न मी गुरुजींना विचारला नाही. त्यांना तो माहीत होता.

दुसरे गुरुजी स्वतः बंजारा. त्यांनी दुपारी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं. आडवं, कापडी पुठ्ठ्याचं, कडा कुरतडलेल्या. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख अक्षरी व अंकी, जात, आणि पुढं 'मातृभाषा'. जुन्या पानांवर बोरूनं लिहिल्यासारख्या जाड अक्षरात त्या रकान्यात कुठं 'लमाणी', कुठं 'बंजारा'. मग एक मास्तर बदलला असावा, कारण एका पानापासून अक्षरही बदलतं आणि रकान्यात सरसकट 'मराठी' सुरू होतं, खाली तर नुसत्या '〃' खुणा. "आम्ही कोणी खोडलं नाही," गुरुजी म्हणाले. "लिहिणाऱ्याले वाटलं, महाराष्ट्रात राहते तं मराठीच असंल."

गंमत अशी की या रजिस्टराइतकं सांभाळलेलं पुस्तक तांड्यावर दुसरं नाही. जातपडताळणीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळे आज्याच्या दाखल्याच्या नकला घ्यायला माणसं मुंबई-पुण्याहून येतात, झेरॉक्सवर शिक्का मारून घेतात, लॅमिनेशन करतात. सगळ्यांचं बोट 'जात' या रकान्यावर. शेजारचा रकाना कोणी वाचत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी बंजारा समाजाचे मोठे मोर्चे निघाले. मोर्चा निघायलाच हवा होता की नाही, हा वाद मी इथं घालत नाही. पण पहिलीच्या वर्गात दुभाषी लागतो म्हणून एकही मोर्चा निघाल्याचं मी ऐकलेलं नाही.

हे गुरुजी लहानपणी आश्रमशाळेत होते. तिथं गोरबोली बोललं की दंड होता, एका शब्दाला चार आणे. "माह्याजवळ चार आणे कुठले? मंग मी बोलणंच सोडलं. दोन वर्षं मी मुका पोरगा म्हणून प्रसिद्ध होतो," हे त्यांनी हसत सांगितलं. मला १९०१ सालची पोलंडमधली व्झेश्निया गावची शाळा आठवली. तेव्हा पोलंड हा देश नकाशावर नव्हता. ते गाव प्रशियाच्या राज्यात होतं. धर्माचा तास जर्मनमधून सुरू केल्यावर पोरांनी उत्तरं द्यायचं नाकारलं, छड्या खाल्ल्या, निषेध करणाऱ्या आईबापांना तुरुंगवास झाला. पाचच वर्षांत त्या भागात शाळकरी पोरांचा मोठा संप झाला. फरक एवढाच, की तिथल्या पोरांचं मुकेपण हा निषेध ठरला आणि इतिहासात गेलं. इथल्या पोराचं मुकेपण त्याच्या प्रगतिपुस्तकात गेलं.

पोलिश माणसांची आठवण मला उगीच आली नाही. कोल्हापूरच्या माणसाला ती येतेच. स्टालिननं सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकलून दिलेली पोलिश कुटुंबं सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आली, आणि १९४३ ते १९४८ या काळात आमच्या वळिवड्याला त्यांची वसाहत होती. सुमारे पाच हजार माणसं. जामनगरच्या महाराजांनी बालाचडीला पोरक्या पोलिश मुलांना आधी आसरा दिला होता, ती गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे; पण वळिवड्याचा पसारा मोठा होता. प्रार्थनाघर होतं, दवाखाना होता, नाटकं होती आणि शाळा होत्या, पोलिश भाषेतल्या, पोलिश शिक्षकांच्या. युद्ध चालू, देश हातचा गेलेला, उद्या कुठल्या मुलखात जायचं याचा पत्ता नाही, तरी त्या लोकांनी पोरांची शाळा आपल्या भाषेत ठेवली आणि इथल्या राजवटीनं ती ठेवू दिली. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले. आजचं गांधीनगर, कापडाची मोठी पेठ. सिंधीला भारतात राज्य नाही, प्रांत नाही; तरी १९६७ साली ती राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. त्याच वर्षी पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. आज बालभारती मराठीखेरीज हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि सिंधीत पुस्तकं काढते.

आणि त्याच करवीर तालुक्यातल्या फडांवर दरवर्षी कोप्या पडतात. एकाच परिसरात विस्थापित होऊन आलेली तीन माणसं. पहिल्या दोघांच्या भाषेची आपण दखल घेतली. तिसरा तर आपल्याच राज्यातला, दरवर्षी विस्थापित होणारा. त्याच्या पोरासाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, पण त्याची भाषा कोणती हे विचारायचं राहून गेलं.

कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे, कारण कायदा चांगला आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं ठरवलं, की शाळेत एका भाषेची चाळीस मुलं असतील किंवा वर्गात दहा, तर प्राथमिक शिक्षण त्या भाषेत द्यावं, आणि मातृभाषा कोणती हे पालक सांगतील ते खरं. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं ३५० 'अ' हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करावी, असं ते राज्यांना सांगतं. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शिकवण्याचं माध्यम शक्य तितपत मातृभाषा असावी म्हणतो. हे 'शक्य तितपत' फार लवचिक आहे, त्यात कितीही बसतं आणि काहीही बसत नाही.

३५० 'अ' आपल्याला नवं नाही. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी शाळांसाठी आपण हेच कलम वर्षानुवर्षं पुढं करत आलो आहोत. कर्नाटकानं मराठी शाळेतला शिक्षक कमी केला, कागद फक्त कन्नडमध्ये दिला की इथल्या वर्तमानपत्रांचे मथळे तापतात, आणि तापावेतच. पण तेच कलम घेऊन कोणी मानोऱ्याच्या तांड्यावर उभा राहिला तर? तिथं कर्नाटकाच्या जागी आपण असतो. हे मराठी माणसाला ऐकवत नाही. मलाही पहिल्यांदा ऐकवलं नव्हतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणायचा निर्णय झाला तेव्हा आपण लहान पोरांवर किती भाषांचा भार टाकायचा म्हणून संतापलो, आणि २९ जूनला सरकारला तो मागं घ्यावा लागला. त्या सगळ्या गदारोळात तांड्यावरच्या पोराची मोजणी कोणी केली नाही. त्याची पहिली भाषा शाळेत नाहीच. मराठी त्याची दुसरी, इंग्रजी तिसरी, हिंदी आली असती तर चौथी.

आकड्यांचं म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत देशभरात लमाणी किंवा लंबाडी सांगणारे ३२ लाखांहून जास्त आणि 'बंजारी' सांगणारे वेगळे १५ लाखांहून जास्त. दोन्ही आकडे हिंदीच्या पोटात घातलेले. ग्रियर्सननं १९०७ साली भारतीय भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडात बंजारीला स्वतंत्र जागा दिली होती. शंभर वर्षांनी आपण ती हिंदीच्या खात्यावर जमा केली. बोडो बोलणारे याच जनगणनेत सुमारे १५ लाख, डोग्री सुमारे २६ लाख. या दोन्ही भाषा २००३ च्या दुरुस्तीनं आठव्या परिशिष्टात आहेत. बंजारा भाषेची मागणी अडतीस भाषांच्या प्रलंबित यादीत पडून आहे.

हे कुठंच जमलेलं नाही असंही नाही. यवतमाळ ओलांडलं की आदिलाबाद. तेव्हाच्या आंध्र प्रदेशानं २००४ साली गोंडी, कोया, कोलामी यांच्यासह आठ आदिवासी भाषांत पहिलीची पुस्तकं काढून बहुभाषिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि त्या आठांत बंजारा होती. तिथं समाज जमातीच्या यादीत आहे म्हणून भाषेचं पुस्तक निघालं. इथं यादी वेगळी म्हणून निघालं नाही. पोराच्या जिभेचा याद्यांशी काय संबंध, असं विचारण्यात अर्थ नाही. सरकार यादी बघूनच चालतं. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर तिला मान्यता नसल्याची नोटीस आली आणि प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं.

आता याची दुसरी बाजू. याच मुलखानं वसंतराव नाईकांना राज्याला दिलं. पलीकडचं गहुली हे त्यांचं गाव. १९६३ ते १९७५, अकरा वर्षांवर मुख्यमंत्री. पुढं सुधाकरराव नाईक. एवढी सत्ता हाती असून गोरबोलीचं पुस्तक का निघालं नाही? मला वाटतं, त्या पिढीला ते मागावंसंच वाटलं नसेल. ज्यांच्या बापजाद्यांना पोलीस चौकीवर हजेरी लावावी लागली, त्यांना मराठीत मिसळून जाणं हाच सुटकेचा रस्ता दिसला असेल, आणि तो बऱ्याच अंशी खराही ठरला. तांड्यातून डॉक्टर, कलेक्टर झाले ते मराठीतून, नंतर इंग्रजीतून शिकून. चार आणे दंड सोसलेल्या गुरुजींची दोन्ही मुलं दिग्रसला इंग्रजी शाळेत आहेत. मी विचारल्यावर ते ओशाळले नाहीत. "तुमची कुठं शिकतात?" असं त्यांनीच मला विचारलं. माझी मुलगीही इंग्रजीतच शिकली. सर्वोच्च न्यायालयानंही २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात सांगितलंच आहे, की माध्यम निवडायचा हक्क पालकांचा. राज्यानं मातृभाषा लादू नये.

लिथुआनियातले पोलिश पालक आज भांडतात तेव्हा त्यांच्या पाठीशी वॉर्सा असतं. तिथं २०११ च्या कायद्यानं अल्पसंख्याकांच्या शाळांत लिथुआनियन भाषेचा वाटा वाढवला, शाळान्त परीक्षेत सगळ्यांना लिथुआनियनची एकच प्रश्नपत्रिका लावली. पालक रस्त्यावर आले आणि शेजारच्या देशाच्या सरकारनं आवाज काढला. गोरबोलीसाठी आवाज काढणारी राजधानी जगात नाही. म्हणून मला वाटतं, तांड्याला दहावीपर्यंतची गोरबोली शाळा नको आहे आणि कोणी मागतही नाही. हवेत ते पहिली-दुसरीला बोली जाणणारे एक गुरुजी, देवनागरीत छापलेलं एक पातळ पुस्तक, आणि चौथीतल्या मुलीला तिच्या वर्गात परत जाण्याची मोकळीक. शिक्षकभरतीत बोलीचा एक निकष घातला तरी अर्धं काम होतं. डी.एड. होऊन पवित्र पोर्टलकडं डोळे लावून बसलेली बंजारा पोरं प्रत्येक तांड्यावर आहेत.

असाच एक पोरगा संध्याकाळी तांड्याच्या नायकांच्या, म्हणजे प्रमुखांच्या, ओट्यावर भेटला. गुरुजी होते, नायक होते, त्यांच्या घरच्या आजी बाजेवर बसून सगळ्यांना मधेमधे गोरबोलीत टोकत होत्या. मी गाडीत पाठ केलेलं "तारो नाम कांई छ?" त्यांच्या नातवाला विचारून बघितलं तर आजीच आधी हसल्या. बोलणं जनगणनेवर आलं. फेब्रुवारी २०२७ मध्ये माणूस दारात येणार आणि मातृभाषा विचारणार. काय सांगायचं? पोरगा म्हणाला, गोरबोली. नायक म्हणाले, "सरकारले गोर काय समजते? बंजारा सांगा." गुरुजींचं म्हणणं, मागच्या खेपेला लमाणीचा आकडा मोठा, तर सगळ्यांनी लमाणीच सांगावं, म्हणजे बेरीज फुटत नाही. आजींना लमाणी हे नाव मुळीच पसंत नव्हतं. ते बाहेरच्यांनी ठेवलेलं. आवाज चढले. मला निम्मंच कळत होतं, कारण वाद रंगला तसा मराठी मागं पडत गेला.

एकमत झालं नाही. रात्री आणखी एक ट्रक निघायचा होता, मुकादमाशी उचलीचा हिशोब राहिला होता, म्हणून नायक उठले. जूनमध्ये पहिलीचे दाखले करताना पालकांना विचारूनच मातृभाषेचा रकाना भरायचा, एवढं गुरुजींनी कबूल केलं. पहिलीला दहाच्या वर पोरं दरवर्षी असतातच. पोरानं तोवर मोबाईलवर मसुदा काढला होता. 'प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, मानोरा' एवढं टंकून त्यानं विचारलं, "विषयात कलमाचा नंबर टाकू का?" टाक म्हटलं, आणि त्याखाली १९४९ चा दहा मुलांचा नियमही टाक.